कांतावहिनींनी मांडलेल्या गोळ्या

वैशालीचा फोन आला तेव्हा मी दुकानात खोकल्याच्या बाटल्या फळीवर लावत होतो. दुपारचे बारा वाजत आले होते. "काका, आई गेली," एवढंच ती बोलली आणि फोन तिच्या नवऱ्यानं घेतला. जालन्याच्या एमआयडीसीत, ज्या बियाण्याच्या कारखान्यात वहिनी कामाला होत्या तिथं, सकाळच्या चहाच्या सुट्टीत त्या बाकावर बसल्या, शेजारणीला म्हणाल्या, "लई घाम फुटून राह्यला बाई," आणि तिच्याच खांद्यावर कलंडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका... मी शटर अर्धं ओढून आत स्टुलावर बसलो. रडू यायला हवं होतं आणि ते आलंही, पण त्याच्या आधी जे आलं ते लिहायला जरा अवघड जातंय. आधी मला अभिमान वाटला. माझ्या कांतावहिनी हृदयविकारानं गेल्या.

अंत्यविधीला जमलेल्या भावकीतल्या तिघा-चौघांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "त्यानंच गेली ना?" प्रत्येकाला मी चारचौघांत ऐकू जाईल असं सांगितलं, "न्हाई. हार्ट अटॅकनं." घरातलं पोरगं बोर्डात आल्यासारखा सांगत होतो मी. बायकोनं शेवटी माझी बाही ओढली. पण ज्या बाईला आठ वर्षांपूर्वी याच मंडळींनी वर्षभराची मुदत दिली होती, ती बाई त्या आजारानं मेली नाही, ही बातमी हळू आवाजात सांगायची नव्हतीच. आता दीड महिना झालाय. वैशालीला विचारून लिहितो आहे. नाव बदलू का, असंही विचारलं तिला. ती म्हणाली, "काका, नाव बदललं तर आई तुम्हाला सपनात येऊन भांडंल." म्हणून नाव तसंच ठेवलं आहे.

प्रल्हाददादा माझा चुलतभाऊ. एक्याऐंशी साली त्याचं लग्न झालं आणि वहिनी धावड्याहून तीर्थपुरीत नांदायला आल्या. मी त्या वर्षी बारावीला रसायनशास्त्रात आपटलो होतो, आणि घरात तो विषय कुणी काढत नव्हतं. नव्या नवरीनं मात्र आठव्या दिवशी काढला. "भावजी, नापास कशात झाल्ते?" मी सांगितलं. "म्हंजे औषिधाच्या इषयात?" सातवी शिकलेली ही बाई पदराआड हसली आणि म्हणाली, "मंग तुम्ही औषिधाचंच दुकान टाका. ज्याला जे येत न्हाई तेच त्यो करतो." मी पुढच्या वर्षी पास झालो, डी.फार्म. केलं, आणि खरंच बाजारपेठेत औषधाचं दुकान टाकलं. उद्घाटनाला नारळ फोडून झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आपल्याला पडसं जरी झालं तरी आपण हितून गोळी घेणार नाही.

पुढं दादाला जालन्यात लोखंडी सळया बनवणाऱ्या मिलमध्ये काम लागलं आणि ते बिऱ्हाड तिकडं गेलं. वैशाली शाळेत जायला लागली तशा वहिनी एमआयडीसीतच बियाणं निवडायला जाऊ लागल्या. त्या कामाबद्दल त्या अशा काही बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, देशातली सगळी शेती यांच्याच बोटांवर उभी आहे. लांबलचक टेबल, वर दिवा, टेबलावर बियाणं पसरायचं आणि नजरेनं वेचायचं. फुटकं, किडकं, दुसऱ्या जातीचं. एका टेबलावर एकच वाण, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम मशीनचा. एक लॉट काढून झाला की मशीन झाडून, पुसून, हवा मारून कोरडी ठक्क केल्याशिवाय दुसरा लॉट आत घालायचा नाही. आदल्या लॉटचे चार दाणे जरी आत अडकले असले तरी नवा लॉट बाटतो, मग तो तासानं घाला की दुसऱ्या दिवशी. एकदा बाजरीच्या तयार लॉटमध्ये परक्या वाणाचे दाणे दिसले म्हणून त्यांनी भरलेली पोती थांबवली होती. सुपरवायझर चिडला, म्हणाला, मूठभर दाण्यांनी काय होतंय. वहिनी म्हणाल्या, "साहेब, पेरनारा मूठभर पेरत न्हाई." पोती परत उघडावी लागली.

दोन हजारच्या आसपास दादा खंगायला लागला. ताप, जुलाब, वजन उतरलेलं. कुठल्या आजारानं हे कळलं तोवर फार उशीर झाला होता. तो गेला, वहिनींची तपासणी झाली आणि तो आजार त्यांनाही होता. देवाच्या कृपेनं वैशालीला नव्हता. दिवसकार्याला त्या तीर्थपुरीला आल्या तेव्हा आमच्या घरातच त्यांचं ताट वेगळं ठेवलं गेलं, आणि हे लिहिताना मान खाली जाते, मी औषधवाला असून गप्प बसलो. एक म्हातारी तर त्यांच्या देखत बोलली, वर्षभरात हिचंबी आवरायचंय. वहिनींनी ते वेगळं ताट स्वच्छ घासलं, पालथं घातलं आणि मला म्हणाल्या, "भावजी, मरायचं तर हायेच. पन मी ह्या रोगानं मरनार न्हाई. दुसरं कशानंबी मरीन." तेव्हा सरकारी गोळ्या नव्हत्या आणि विकतच्या परवडण्यातल्या नव्हत्या. मी मान हलवली, पण मनातून मला त्या म्हातारीचंच खरं वाटत होतं.

तीन-चार वर्षं त्यांनी नुसत्या जिद्दीवर काढली. मग औरंगाबादला फुकट गोळ्या मिळायला लागल्या. दर महिन्याला पहाटेची एसटी धरून त्या जायच्या, रांगेत उभं राहायच्या आणि महिन्याची डबी घेऊन यायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. एकाच गोळीत तीन औषधं. घरी आल्या की त्या गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत ओतायच्या आणि खरी डबी फेकून द्यायच्या. भाड्याच्या खोल्यांची चाळ, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायका, कोण कधी घरात शिरून फळीवरचं काय उचलून बघेल सांगता येत नाही. हे काही त्या एकट्याच करत नव्हत्या. त्या रांगेतल्या बहुतेकांच्या घरी अशीच कसली तरी दुसरी डबी होती. गोळ्या लागू पडल्या. गालाची हाडं झाकली, त्या पुन्हा टेबलावर बसायला लागल्या.

आणि मग खोकला सुरू झाला. जालन्यातल्या एका खाजगी डॉक्टरकडं त्या गेल्या, छातीचा फोटो काढला, टीबी निघाला. डॉक्टरनं विचारलं होतं बरं का, दुसरं काही औषध चालू आहे का म्हणून. पण शेजारी उभा असलेला कंपाउंडर धावड्याचा, त्यांच्या माहेरच्या गल्लीतला. वहिनींनी पिशवीतून कॅल्शियमची डबी काढून दाखवली आणि सांगितलं, "ताकदीच्या गोळ्या." सरकारी टीबीची औषधं आरोग्य केंद्रातून समोर बसून घ्यावी लागतात, तिथंही ओळखीचे लोक. म्हणून चिठ्ठी घेऊन त्या थेट तीर्थपुरीला आल्या. पडश्याची गोळीही न घेणारी बाई माझ्या दुकानात पहिल्यांदा औषध घ्यायला उभी होती. त्यांचे दोन्ही आजार ठाऊक असलेला, दोन्हीकडची औषधं ठाऊक असलेला सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस होता, तो म्हणजे मी. त्यांनी विचारलंही, "भावजी, हे आनि ते संग चालंल का?" मी चिठ्ठीवर नजर टाकली आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांना देत आलो तेच उत्तर दिलं. "चालतंय की. फक्त दोन्हीत दोन तासाचं अंतर ठेवा."

आमच्याकडं हे दोन तासांचं अंतर म्हणजे सगळ्या शंकांवरचा उतारा आहे. वैद्याचा काढा आणि इंग्रजी गोळी, दोन तासांचं अंतर. होमिओपॅथी आणि कॉफी, दोन तासांचं अंतर. माझे गुरुजी, मी, माझ्यासारखे कितीतरी दुकानदार हे इतक्या खात्रीनं सांगतो की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सांगणाऱ्याला पुस्तक उघडावं लागत नाही. काही औषधांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. वहिनी तर दोन तास सोडून पाच तासांचं अंतर ठेवायला लागल्या.

महिना-सव्वा महिना गेला. खोकला कमी झाला, ताप उतरला, आणि वजन मात्र घसरत चाललं. तोंडात पांढरा थर आला, घास गिळवेना. तो थर दादाच्या तोंडात मी पाहिला होता. एका रविवारी त्या दुकानात आल्या. उभं राहवत नव्हतं, मी आत नेऊन बसवलं. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी पाणी मागितलं, माझ्या काउंटरवरच्या बरण्या एका बाजूला सारल्या, फडक्यानं काच पुसली आणि पिशवीतल्या सगळ्या गोळ्या त्यावर काढल्या. टीबीच्या एकीकडं, कॅल्शियमच्या डबीतल्या दुसरीकडं.

"भावजी, तुम्ही म्हनले, येळ येगळी ठेवा. ठेवली. पन मला एक सांगा, मशीन तं एकच हाय ना?" त्यांनी पोटावर हात ठेवला. "सकाळचा लॉट ह्याच्यातून गेला, दुपारचाबी ह्याच्यातूनच गेला. मधी मशीन कुठं झाडली?"

मी म्हणालो, काही तरी एक बंद करून बघू या का. यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर सुपरवायझरनं ओळखली असती. "आता तुमच्या अंदाजानं न्हाई. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यायलाच इचारायचं. बंद काहीच करायचं न्हाई, बिलकुल. उद्या चला माझ्यासंग." मी म्हणालो, दुकान आहे. "दुकान ऱ्हाईल," त्या म्हणाल्या, "मीच ऱ्हाईन का बघा."

दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या एसटीत त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या आणि मी त्यांचं वजन अंदाजत होतो. गोळ्यांच्या केंद्रातल्या डॉक्टर तरुण होत्या, समोर कागदांची चळत. त्यांनी "काय त्रास?" असं विचारायच्या आत वहिनींनी कागद बाजूला सरकवले आणि टेबलावर सगळं मांडलं. टीबीच्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांनी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. "ह्या कधीपासून? आम्हाला का नाही सांगितलं?" मग त्यांनी समजावून सांगितलं. टीबीच्या त्या पट्टीत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, घेतलं की लघवी केशरी होते ते. ते यकृताला इतकं तरतरीत करतं की यकृत दुसऱ्या औषधांचा फडशा पाडायला लागतं. वहिनींच्या गोळीतलं नेव्हिरापिन रक्तात पुरेसं टिकतच नव्हतं. गोळी पोटात जात होती आणि काम न करता बाहेर पडत होती. दोन तासांचं अंतर ठेवा नाही तर बारा तासांचं, यकृत तर चोवीस तास जागंच. वेळेवर आला नसतात तर त्या गोळीला विषाणू सरावला असता, मग पुढं फार कठीण होतं. "अंतर ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गावात एक जन हाय. बारावीला रसायनशास्त्रात नापास झाल्ता."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी तिथंच सांगितलं की तो माणूस मीच. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी एका कागदावर मला नावं लिहून दिली: कोणती फिटची औषधं, कोणती बुरशीची, कोणती पाळणा लांबवायची गोळी, ॲसिडिटीचं काय, कुणाबरोबर काय घेताना आधी विचारायचं. नेव्हिरापिनच्या जागी त्यांनी इफाविरेन्झ नावाची गोळी दिली, रोज झोपताना एक. जुन्या गोळीतली बाकीची दोन औषधं वेगळ्या गोळीतून, आणि टीबीची औषधं तशीच चालू. परत येताना एसटीत मी वहिनींची माफी मागितली. खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "माफी काय मागता? डबीत लपवून तं मीच ठेवलं ना. मी झाकलं, तुम्ही बगितलं न्हाई. दोघायची बराबर चूक." मी त्या दिवशी रडलो, एसटीत, कंडक्टरसमोर. मला भीती वाटत होती ती त्यांच्या मरणाची, आणि ते मरण माझ्या दुकानातून गेलेलं असण्याची.

त्या गोळीनं वहिनींना स्वप्नं पडायला लागली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिले काही आठवडे गरगरेल, स्वप्नं पडतील, घाबरू नका. घाबरतात कसल्या. रोज सकाळी कारखान्यात चहाच्या वेळी त्यांचं स्वप्न ऐकायला बायका जमायच्या. एकदा म्हणे त्या बाजरीच्या कणसावर बसून जालन्यावरून उडत गेल्या आणि खाली सुपरवायझर पावती मागत होता. तोंडातला थर गेला. त्या जेवायला लागल्या. दोन महिन्यांनी त्या दुकानात आल्या त्या स्वतःच्या पायांनी, शेंगदाण्याची चटणी घेऊन, आणि सात-आठ गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाल्या, "ह्या मानसानं मला मारायची बाकी ठेवल्ती." मी म्हणालो, वहिनी, दुकान बंद पाडता का. "पाडते कशाला? आता तुमच्याइतकं भरवशाचं दुकान न्हाई. चुकलेला मानूस दोनदा बगतो."

टीबीचा कोर्स संपला, तेव्हा मला वाटलं आता लगेच जुनी गोळी सुरू करतील. डॉक्टरांनी सांगितलं, नाही, अजून दोन आठवडे हीच चालू ठेवायची, कारण रिफाम्पिसिन बंद केलं तरी त्याचा यकृतावरचा परिणाम लगेच जात नाही. मी हे नवलानं ऐकत होतो. वहिनींना काहीच नवल वाटलं नाही. "मशीन झाडतेत," त्या मला समजावून म्हणाल्या. त्या दिवशी माझी डी.फार्म.ची पदविका त्यांना देऊन टाकावी असं वाटलं.

कॅल्शियमची डबी त्यांनी फेकून दिली. चाळीत काय बोललं जाईल ते बोललं गेलं, आणि त्या पुरून उरल्या. औरंगाबादच्या रांगेत त्या नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारायच्या, "आनखी काय काय खाता? मांडा." लोक लाजायचे. आजाराचं नाव तोंडातून निघत नाही कुणाच्या. वहिनी सांगायच्या, "नाव नगं सांगू. नुसत्या गोळ्या मांड. ज्याला वळखू येतेत त्यालाच कळंल, बाकीच्याला काय, रंगीत दाने." याच एका वाक्यानं माझं दुकान बदललं. मी काउंटरवरच्या बरण्या हलवल्या आणि हातभर जागा कायमची मोकळी ठेवली. फिट्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं माझ्याकडून नेणारा एक शेतकरी होता. एका बाजाराच्या दिवशी वहिनी माझ्या दुकानात बसल्या होत्या, त्या त्याला सहज म्हणाल्या, "दादा, घरातलं समदं आना एकदा." पुढच्या बाजाराला तो आला, मान खाली घालून, आणि फिटच्या गोळ्यांशेजारी त्यानं जी डबी ठेवली ती मी लांबूनच ओळखली. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर ती जोडी लिहिलेली होती. मी एक अक्षर न विचारता दोन्ही औषधांची नावं चिठ्ठीवर लिहिली आणि त्याला केंद्रात पाठवलं. तिथं त्याची फिटची गोळी बदलून दिली. तो आजही येतो, चांगला धडधाकट आहे. असे किती आले हे मी मोजलं नाही. वैद्याच्या पुड्या आल्या, बाजारातली ताकदीची चूर्णं आली, एका नव्या सुनेची पाळणा लांबवायची गोळी आली. सगळं त्या हातभर जागेत.

वैशालीच्या लग्नात वहिनींनी स्वतः पंगत वाढली. वाढपी होते, तरी हातात बुंदीचं ताट घेऊन त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेल्या. भावकीतलं कुणी पान सोडून उठलं नाही. मला वाढताना म्हणाल्या, "भावजी, जेवा पोटभर. हे समद्यासंग चालतंय."

चौदाव्या दिवशी वैशालीनं आईची पिशवी माझ्याकडं आणून दिली. उरलेल्या गोळ्या केंद्रात परत द्यायच्या असतात, दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येतात. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी काच पुसली आणि गोळ्या मांडल्या. डबीवर मिळाल्याची तारीख होती. साठ गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केल्या, आणि वहिनी गेल्या तो तिथून एकोणिसावा दिवस, चहाच्या सुट्टीची वेळ. अठरा दिवसांच्या छत्तीस, आणि त्या दिवशीची सकाळची एक. सदतीस गेल्या असतील तर तेवीस उरायला हव्या होत्या. मी चष्मा लावला आणि एक एक गोळी बोटानं सरकवत मोजली.

तेवीस होत्या.